झूटेकस आणि माळरानावरच्या गोगलगायी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त केली. काही शिवारांत दुबार पेरणीची वेळ आली. तेव्हापासून आपल्याकडे शंख दिसला की माणूस आधी दगड शोधतो. मी प्राणिशास्त्र शिकवते. मृगाचा पाऊस पडला की माझ्या फोनवर शंखांचे फोटो यायला लागतात आणि खाली प्रश्न असतो, "मॅडम, हीच का ती?" पुष्कळदा ती नसते. फोटोतला शंख लहान, पांढुरका, लांबट असतो आणि माळावर दगडाखाली सापडलेला असतो. तो बहुतेक वेळा झूटेकस या प्रजातीतल्या गोगलगायीचा असतो. तिने कुणाचं पीक खाल्लेलं नसतं, तरी ती भरडली जाते. म्हणून ही प्रश्नोत्तरं. पिकाचा बंदोबस्त हवा असेल तर खालच्या प्रश्नांकडे थेट गेलात तरी चालेल, पण आधी दोन्ही गोगलगायींमधला फरक वाचा, एवढी विनंती.

झूटेकस म्हणजे नेमकी कोणती गोगलगाय?

जमिनीवर राहणाऱ्या आणि हवेतून श्वास घेणाऱ्या गोगलगायींची ही एक प्रजाती आहे. स्वीडिश अभ्यासक वेस्टरलुंड यांनी १८८७ मध्ये ती वेगळी मांडली. तिच्यातली सगळ्यात दूरवर पसरलेली जाती झूटेकस इन्सुलॅरिस. तिचं वर्णन त्याआधी, १८३१ मध्ये, जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एहरेनबर्ग यांनी केलं होतं. त्यांनी इजिप्त आणि तांबड्या समुद्राच्या काठाने मोठा प्रवास केला होता.

तिचा मुलूख नकाशावर बघण्यासारखा आहे. अटलांटिक महासागरातल्या केप व्हर्डे बेटांपासून तो सुरू होतो. तिथून सहारा, अरबस्तान, इराण, पाकिस्तान आणि भारतातला कोरडा प्रदेश असं करत तो थेट मध्य म्यानमारच्या कमी पावसाच्या पट्ट्यापर्यंत जातो. चार दिवस पाऊस आणि बाकी वर्ष ऊन, अशा जागा तिने धरल्या आहेत. आपला मराठवाडा पर्जन्यछायेतला. सरासरी पाऊस वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. कोकणातल्या ओल्या रानांत गोगलगायींच्या कितीतरी जाती नांदतात, पण या माळावर टिकायला वेगळीच गोगलगाय लागते.

ती ओळखायची कशी?

शंख साधारण एक सेंटीमीटर लांब, क्वचित दीड. जाडी त्याच्या निम्म्याहून कमी. आकार दंडगोल, आणि टोक अणकुचीदार नसून बोथट, ही सगळ्यात सोपी खूण. रंग पांढरा किंवा फिकट पिवळसर, त्यावर पट्टे किंवा ठिपके नाहीत. भिंगाखाली धरलात तर वेढ्यांवर, म्हणजे शंखाच्या गुंडाळीच्या फेऱ्यांवर, बारीक उभ्या रेषा दिसतात. तोंड लहान आणि आत दातांसारखे उंचवटे नसतात.

दोन गोष्टी माणसाला चकवतात. पिल्लाचा शंख वेढे कमी असल्यामुळे बुटका दिसतो आणि लोकांना तो वेगळाच प्राणी वाटतो. शिवाय मोठ्यांच्या शंखातही जागेनुसार फरक पडतो. कुठे तो सडपातळ, तर कुठे जाडजूड. जुन्या अभ्यासकांनी शंख बघून बघून एकाच प्राण्याला बरीच नावं देऊन ठेवली आहेत. त्यामुळे फोटोवरून मी "झूटेकस" एवढं सांगते, जातीचं नाव ठामपणे सांगत नाही.

कुंडीतल्या मातीत सापडणारी बारीक, अणकुचीदार, जवळजवळ आरपार दिसणारी गोगलगाय मात्र निराळी. ती अ‍ॅलोपिअस ग्रासाइल. तिचाही फोटो पुष्कळ वेळा येतो.

शेतात तलावातला गाळ टाकला. त्यात लांबट शंख आहेत. ते झूटेकस का?

नाही. हा प्रश्न उन्हाळ्यात हमखास येतो, कारण 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' मधून आलेला गाळ अनेकांनी रानात पसरला आहे. गाळातले शंख पाण्यातल्या गोगलगायींचे असतात. लांबट, टोकदार आणि वर आडव्या-उभ्या उंच रेषा असलेला शंख दिसला तर तो बहुधा मेलॅनॉइडिस. चपटा, गुंडाळी केल्यासारखा असेल तर इंडोप्लॅनॉर्बिस. मोठा, गोल, हिरवट-तपकिरी असेल तर पिला. तिच्या तोंडावर कडक झाकण असतं. कोरड्या रानात यांचं काही चालत नाही. काळजी करू नका, शंख मातीत विरून थोडा चुना देतील.

झूटेकस पिकाला त्रास देते का?

नाही. ती कुजका पालापाचोळा, बुरशी, शेवाळ यांवर जगते. सोयाबीनच्या ताज्या पानाकडे ती वळत नाही. बांधावर, दगडांच्या आडोशाला पाला मातीत मिसळण्याचं जे काम सतत चालतं, त्यात तिचाही हात आहे.

आठ महिने पाण्याचा थेंब नाही, मग ही जगते कशी?

या सगळ्या प्रश्नांमधला माझा सर्वांत आवडता हा. गोगलगायीचं अंग उघडं आणि ओलं. सरपटायचं तर चिकट द्राव सांडत जावं लागतं. म्हणजे चालली की पाणी खर्च, आणि खायला तर चालावं लागतंच. एवढा उधळा देह घेऊन कोरड्या मुलखात राहायचं, तर उरलेल्या प्रत्येक बाबतीत काटकसर करावी लागते.

पहिली काटकसर वेळेची. पाऊस पडून गेल्यावर, रात्री, पहाटे दव असताना ती बाहेर येते. ऊन चढलं की जागा धरते. वर्षातले मोजके ओले दिवस एवढाच तिच्या खाण्यापिण्याचा, वाढीचा आणि पिल्लांचा हंगाम.

दुसरी काटकसर दाराची. पाऊस सरला, माती सुकू लागली की ती दगडाखाली, तरवडीच्या किंवा बोरीच्या बुडाशी, भुसभुशीत मातीत शिरते. अंग शंखात ओढून घेते आणि तोंडावर आपल्याच चिकट द्रावाचा पडदा धरते. तो सुकला की पातळ, कागदी पापुद्रा होतो. कधी एक पडदा पुरत नाही. अंग आणखी आत सरकतं आणि मागे दुसरा पडदा तयार होतो. पाण्याची वाफ अडवण्याचं काम हा पापुद्रा आणि त्यामागची आखडलेली कातडी दोघं मिळून करतात.

तिसरी काटकसर आपल्याला दिसत नाही. शरीरातला नको असलेला नायट्रोजन बाहेर टाकायला आपल्याला लघवीतून पाणी घालवावं लागतं. जमिनीवरच्या गोगलगायी तो यूरिक आम्लाच्या रूपात, जवळजवळ कोरडाच साठवून ठेवतात. हृदयाचे ठोके मंदावतात, प्राणवायूची गरज घटते, साठवलेलं अन्न अगदी थेंबाथेंबाने वापरलं जातं. कृषी खात्याच्या पत्रकात जिला 'सुप्तावस्था' म्हणतात ती हीच. झोप म्हणण्यापेक्षा मी तिला थांबणं म्हणेन, कारण बाहेर ओल आली की नाही याचा अंदाज या अवस्थेतही तिला येत असतो.

शंखाला चुना लागतो आणि तो मातीतूनच मिळवावा लागतो. त्या बाबतीत मराठवाडा उदार आहे. आपल्या काळ्या जमिनी चुनखडीयुक्त, नांगराला चुनखडीचे खडे लागतात. शेतकऱ्याला ही चुनखड नकोशी, गोगलगायीला हवीशी.

पण मे महिन्यातल्या उन्हात ती शिजत कशी नाही?

झूटेकस शक्यतो मातीत किंवा दगडाआड असते, त्यामुळे थेट उन्हाचा मारा तिला कमी बसतो. उघड्यावर राहणाऱ्या वाळवंटी गोगलगायींचा या दृष्टीने फार सुंदर अभ्यास झाला आहे. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात स्फिंक्टेरोकायला नावाची पांढरीशुभ्र, जाड शंखाची गोगलगाय भर उन्हाळ्यात जमिनीवर उघडी पडून असते. क्नुट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये तिची मोजमापं प्रसिद्ध केली. हवा ४३ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याकडच्या कडक दुपारीएवढी. जमिनीचा पृष्ठभाग ६५ अंश. शंखाच्या सर्वांत मोठ्या, जमिनीला टेकलेल्या वेढ्यात ५६ अंश. आणि गोगलगाय जिथे बसली होती त्या वरच्या वेढ्यांत ५० अंश. ५५ अंशांना ती मरते. मरण आणि जगणं यांत पाचच अंशांचं अंतर, आणि ते अंतर ती दोन युक्त्यांनी राखते. पांढरा शंख डोळ्यांना दिसणारा सुमारे ९० टक्के प्रकाश परतवून लावतो. आणि ती खालचा मोठा वेढा रिकामा सोडून वर सरकते, त्यामुळे तापलेली जमीन आणि तिचं अंग यांमध्ये हवेची गादी राहते.

तिचं पाणी घटण्याचा वेगही त्यांनी मोजला: दिवसाला सुमारे अर्धा मिलिग्रॅम. अंगात पाणी सुमारे १४०० मिलिग्रॅम. हिशेब तुम्हीच करून बघा, पावसाचं एखादं वर्ष चुकलं तरी ती कशी तरते ते कळेल.

हे आकडे नेगेवमधल्या वेगळ्या कुळातल्या गोगलगायीचे आहेत, ते झूटेकसला जसेच्या तसे लावू नका. पण फिकट शंख, आत सरकून बसणं आणि वाट पाहणं ही पद्धत दोघींत सारखी आहे.

ती जास्तीत जास्त किती काळ अशी राहू शकते?

या बाबतीत एक घटना प्रसिद्ध आहे. इजिप्तच्या वाळवंटातल्या एरेमिना प्रजातीच्या एका गोगलगायीचा शंख १८४६ च्या मार्चमध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून ठेवला गेला. सगळ्यांनी तो रिकामा धरला होता. १८५० च्या मार्चमध्ये कुणाला तरी त्याच्या तोंडावर ताजा पडदा दिसला. शंख कोमट पाण्यात ठेवला आणि गोगलगाय बाहेर आली. ती त्यानंतर दोन वर्षं जगली. मध्ये चार वर्षं तिने ना काही खाल्लं होतं, ना पाणी घेतलं होतं.

सापडलेली गोगलगाय जिवंत आहे की मेलेली, हे कसं ओळखावं?

मेलेल्या शंखाचं तोंड उघडं असतं, रंग खडूसारखा मळकट पांढरा, वजन नावालाच. जिवंत शंखात थोडी झाक असते. उजेडापुढे धरला तर आत गडद अंगाची सावली दिसते आणि तोंडाच्या जरा आत तो पापुद्रा असतो.

खात्री करायची असेल तर ओल्या सुती फडक्यावर शंख आडवा ठेवा आणि सावलीत बसा. पाणी ओतू नका, ओलच पुरते. बराच वेळ काही होत नाही. मग पापुद्रा कडेने मऊ होतो, एखादा बुडबुडा येतो. तो विरघळून चिकट होतो आणि त्याच्या मागून करडा, ओला पाय कडेकडेने बाहेर येतो. आधी शेपटाकडचा भाग, मग डोकं. शिंगांच्या दोन जोड्या एकदम येत नाहीत. आत वळलेल्या असतात, त्या हळूहळू बाहेर उलगडतात. वरच्या लांब जोडीच्या टोकाला दोन काळे ठिपके दिसले की समजायचं, तिचे डोळे आले. खालची आखूड जोडी फडक्याला लागून-लागून चाचपत राहते. वर्गात हे पाहताना दंगेखोर मुलंही गप्प झालेली मी पाहिली आहेत.

एक मात्र पाळा. प्रत्येक वेळी असं उठवण्यात तिचं साठवलेलं पाणी आणि अन्न खर्च होतं. एकदा पाहा आणि पावसाळा असेल तर जिथून आणली तिथेच सोडा. उन्हाळ्यात हा प्रयोग करूच नका.

तिची अंडी कधी दिसत नाहीत. का?

कारण ती अंडी मातीत घालत नाही. अंडी पोटातच उबतात आणि बाहेर येतात ती शंख असलेली पिल्लं. कोरड्या मुलखात हे फार मोलाचं. मातीतलं अंडं सुकायला दोन दिवसांची उघडीप पुरेशी होते, पण आईच्या पोटातलं अंडं आईइतकंच सुरक्षित राहतं. पाऊस आला की पिल्लं थेट खायला लागतात.

बहुतेक भूचर गोगलगायींप्रमाणे हिच्यातही नर-मादी वेगळे नसतात. एकाच अंगात दोन्ही.

माळावर एका जागी शेकडो पांढरे शंख पडलेत. रोग आला का?

बहुधा नाही. मऊ अंग लवकर नाहीसं होतं, शंख वर्षानुवर्षं राहतो, आणि चुनखडीच्या जमिनीत तर तो आणखी टिकतो. पावसाचं पाणी हलके रिकामे शंख वाहून नेतं आणि उताराच्या तळाशी, ताटीच्या कडेला, बांधाच्या कोपऱ्यात गोळा करतं. तुम्ही बघताय ते बऱ्याच पावसाळ्यांचे एकत्र जमलेले शंख आहेत. त्यांत नीट शोधलंत तर एखादा तांबूस कोळी किंवा बारीक किडा वस्तीला आलेलाही दिसेल.

मग आमचं सोयाबीन खाणारी कोण? ती आली कुठून?

ती आफ्रिकन राक्षसी गोगलगाय, शास्त्रीय नाव लिसाकॅटिना फुलिका. आपण तिला शंखी गोगलगाय म्हणतो. मूळ पूर्व आफ्रिकेची. डब्ल्यू. एच. बेन्सन या शंखांच्या अभ्यासकाने १८४७ मध्ये मॉरिशसहून काही गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि त्या तिथल्या एका बागेत सोडल्या गेल्या. तिथून ती देशभर पसरली. नंतरचा बहुतेक प्रवास माणसानेच घडवला: रोपवाटिकेतल्या पिशव्या, माती, शेणखत, बेणं, ट्रॅक्टरच्या चाकाला चिकटलेला चिखल.

आणि अनेकांना पटत नाही ती गोष्ट म्हणजे, आज मान्य असलेल्या वर्गीकरणात झूटेकस आणि ही राक्षसी गोगलगाय एकाच कुळात मोडतात, अ‍ॅकॅटिनिडी. नातं आहे, पण वागणं निराळं. एक इथलीच, मिलिमीटरमध्ये मोजायची, पिल्लं जन्माला घालणारी, कुजक्या पाल्यावर जगणारी. दुसरी बाहेरची, पाच ते दहा सेंटीमीटर सहज होणारी, एका वेळी शंभराहून जास्त अंडी घालणारी आणि शेकडो प्रकारची झाडंझुडपं खाणारी.

फरक ओळखताना पिल्लांपाशी घोटाळा होतो. राक्षसी गोगलगायीचं पिल्लू झूटेकसएवढंच असतं. त्याचा शंख पातळ, शेवटचा वेढा फुगीर आणि अंगावर तपकिरी उभे पट्टे. झूटेकसला फुगीर वेढा नाही आणि पट्टेही नाहीत. शंका आली तर मारण्याआधी एक फोटो काढा.

एवढ्या कोरड्या मराठवाड्यात ही बाहेरची गोगलगाय टिकली कशी?

कारण तिलाही थांबता येतं. दुष्काळी महिन्यांत ती बांधाच्या मातीत, दगडांच्या ढिगात, झाडाच्या बुडाशी काही इंच खोल जाते आणि तोंडावर पांढरा, चुनकट, जाड पडदा धरते. झूटेकसच्या पापुद्र्यापेक्षा तो बराच भक्कम. ओल आली की बाहेर. नेमकी तीच वेळ सोयाबीन उगवण्याची, दोन पानांवर असण्याची. मोठ्या झाडाची चार पानं गेली तर ते सावरतं. दोन पानांवरचं रोप बुडापासून गेलं की ओळच रिकामी होते.

त्यात आपण बारमाही ओल्या जागाही तयार केल्या आहेत: उसाचा फड, फळबाग, ठिबकखालची भाजी, गोठ्यामागचा उकिरडा. तिला उन्हाळा काढायला यापेक्षा चांगला आसरा नको. म्हणून नुसत्या सोयाबीनच्या शेतात बघून भागत नाही, शेजारचा ओला कोपराही बघावा लागतो.

मग बंदोबस्त कसा आणि कधी करायचा?

ती थांबलेली असते तेव्हा सुरुवात करायची. बहुतेक जण रोपं गेल्यावर धावतात आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

उन्हाळ्यात खोल नांगरट करा. मातीतल्या गोगलगायी उघड्या पडतात, उन्हाने मरतात, पक्षी उचलतात. बांधाच्या कडेचे दगडांचे आणि काडीकचऱ्याचे ढीग शेताला लागून ठेवू नका. बांध मात्र पेटवू नका. आगीत मोठी गोगलगाय खोल मातीत वाचते, आणि वरच्या पाल्यातल्या लहान, निरुपद्रवी गोगलगायी आणि किडे जळून जातात.

पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी आणि पहाटे टॉर्च घेऊन निघा. हातमोजे घालून वेचा आणि साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी बांधालगत जागोजागी अंथरा. रात्रभर त्यांखाली त्या गोळा होतात, सकाळी उचलायच्या. मातीत साबुदाण्यासारख्या पांढुरक्या अंड्यांचे पुंजके दिसले तर तेही काढून नष्ट करा. हे काम एकट्याच्या शेतात करून उपयोग नाही, कारण गोगलगाय बांध ओळखत नाही. शेजारी-शेजारी मिळून, गावाने एका आठवड्यात केलं तर फरक दिसतो. माझ्या मते औषधापेक्षा या वेचणीवर जास्त भिस्त ठेवावी.

शेताच्या कडेने चुन्याचा सुमारे १० सेंटीमीटर रुंद पट्टा टाकला तर कोरडा असेपर्यंत तो अडवतो. पावसाने भिजला की पुन्हा टाकावा लागतो.

प्रादुर्भाव हाताबाहेर असेल तर मेटाल्डिहाइड २.५ टक्के दाणेदार, एकरी २ किलो, बांधालगत आणि ओळींमधून. हे विष आहे. कुत्रा, कोंबडी, वासरू, लहान मूल यांच्या आवाक्यात दाणे पडता कामा नयेत आणि पाकिटावरच्या सूचना वाचूनच वापरा. ते गोगलगायींमध्ये भेद करत नाही, म्हणून पड माळावर, गायरानात, ओढ्याकाठी टाकू नका. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालय हंगामात सल्ला देतात. पेरणीआधीच त्यांच्याशी बोला.

सरळ शेतातच मीठ टाकलं तर?

नको. गोगलगाय मरेल, पण मीठ जमिनीत राहील. आपल्याकडच्या काळ्या, निचरा कमी असलेल्या जमिनीला खारटपणाचं दुखणं आधीच जडतं. मीठ बादलीत ठेवा.

हात लावला तर काही होतं का?

झूटेकसला हात लावून कुणाला इजा होत नाही, तरी नंतर साबणाने हात धुवा. राक्षसी गोगलगायीच्या बाबतीत काटेकोर राहा. तिच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका सूत्रकृमीची पिल्लं असू शकतात आणि ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. उघड्या हाताने धरू नका, मुलांना खेळायला देऊ नका, तिचा वावर असलेल्या रानातली पालेभाजी नीट धुऊन शिजवून खा.

गोगलगायींना खाणारं कुणी आहे का?

आहे की. भारद्वाज मोठी गोगलगायही फोडून खातो, म्हणून बांधावरची झुडपं सगळी तोडू नयेत. चिचुंद्री खाते. आणि काजव्यांची अळी तर गोगलगायींवरच वाढते. जूनमध्ये ओढ्याकाठी जे चमकताना दिसतात, त्यांचं बालपण गोगलगायींवर गेलेलं असतं. काजवे कमी झाले अशी हळहळ आपण करतो, तेव्हा त्यांच्या अन्नाचाही विचार करायला हवा.

पक्ष्यांना शंखांतून चुनाही मिळतो. नेदरलँड्समध्ये आम्लधर्मी झालेल्या जंगलांतल्या मातीत गोगलगायी घटल्या, तेव्हा तिथल्या लहान पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होऊ लागल्याचं १९९० च्या दशकात दिसून आलं. एवढासा प्राणी, पण तो गेल्याची झळ अंड्याच्या कवचापर्यंत पोचली.

झूटेकसला खरा धोका कशाचा?

माळ संपण्याचा. ऊन तिने हजारो वर्षं सोसलं आहे, दुष्काळही. पण जेसीबीने दगड उचलून माळ सपाट केला, मुरूम काढून नेला, बांध कोरून कोरून वीतभर ठेवला, की तिच्याकडे दुसरी जागा नसते. ती उडून शेजारच्या माळावर जात नाही. लोक ज्याला पडीक म्हणतात ती जमीन तिच्यासाठी पडीक नाही. गावात वृक्षलागवडीचे खड्डे घेताना सगळा माळ एकसारखा उकरू नये, दगडांचे जुने ढीग, तरवडीची बेटं राहू द्यावीत, असं मी प्रत्येक बैठकीत सांगते. नायगावच्या मयूर अभयारण्यासारख्या बालाघाटातल्या काटेरी रानांकडे मोरासाठी लोक जातात. तिथे खाली, दगडाखालीही बघावं, पण अभयारण्यात काही उचलू नये.

शाळेच्या प्रकल्पासाठी काय करता येईल?

रिकामे शंख गोळा करा, जिवंत नको. प्रत्येक ठिकाणचे शंख वेगळ्या काडेपेटीत ठेवा आणि आत चिठ्ठी टाका: गाव, जागा कशी होती, म्हणजे माळ, बांध, ओढा की गाळ, तारीख, आणि शंख दगडाखाली होता की उघड्यावर. चिठ्ठी नसलेला शंख अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी. पट्टीवर ठेवून तीन फोटो घ्या: तोंडाकडून, पाठीकडून आणि टोकाकडून. तोंडाचा फोटो नसेल तर ओळख अडते, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक फोटोंत नेमका तोच नसतो.

जिवंत गोगलगायींची नोंद करायची तर पावसानंतरच्या पहाटे एकाच जागेवर पुन्हा पुन्हा जा आणि किती दिसल्या, कुठे दिसल्या ते लिहा. दगड उचलला तर बघून झाल्यावर होता तसाच, त्याच कुशीवर परत ठेवा, कारण खालची ओल त्या दगडाच्या आधारानेच टिकते. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले तर देशभरातले अभ्यासक ओळख पटवायला मदत करतात. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. शंका फार अवघड असेल तर शिक्षकांनी शाळेच्या पत्रावर त्यांना विचारावं.